रेनकोटानं कुणी तरत नाही

धरमतरच्या खाडीकाठच्या मुलांना शिडाची होडी शिकवावी, असा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. पहिलं छाती फुगवून येतं. आमच्या आगरी-कोळ्यांच्या पोरांना कपड्यांचे लाड कसले? पाण्यातच वाढलेली पोरं ती, उघड्या अंगानं दर्या मारतात. दुसरं उत्तर खिसा चाचपत येतं. कल्पना चांगली आहे, पण ते वॉटरप्रूफ सूट, ते बूट, सगळं परदेशी. जोह्याच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बापानं ते आणायचं कुठून? एक उत्तर अभिमानाचं, दुसरं काळजीचं. परिणाम मात्र एकच होतो. मूल एक तर अंगावर काही न घालता होडीत चढतं, नाही तर चढतच नाही.

माझं म्हणणं असं की दोघंही चुकतात, आणि एकाच ठिकाणी चुकतात. होडीतल्या कपड्याचं काम पाणी अडवणं हेच आहे, असं दोघांनी धरलेलं आहे. एकाला पाण्याची भीती नाही म्हणून कपडा नको, दुसऱ्याला पाणी अंगाला लागूच द्यायचं नाही म्हणून महागडा सूट हवा. लहान मुलांच्या शिडाच्या होडीत हा वादच गैरलागू आहे. जगभर मुलं ज्या ऑप्टिमिस्ट होडीत शिकतात ती जेमतेम २.३ मीटर लांब असते. तिची नाळ बोथट, काठ पाण्यालगत. वारा जरा भरला की पहिल्या पाव तासात मूल भिजतं, आणि होडी उलटली तर नखशिखान्त भिजतं. उलटलेली होडी सरळ करणं हा तर शिक्षणाचा पहिलाच धडा. तेव्हा मूल भिजणार हे गृहीत धरूनच कपड्यांचा विचार करायला हवा. भिजलेलं मूल तरंगत राहिलं पाहिजे, त्याच्या ओल्या अंगाला वारा लागू नये, आणि डोक्यावरचं ऊन आवरलं पाहिजे. महत्त्वाचा क्रमही हाच.

आधी छातीवाल्यांकडे वळू. त्यांचा मुख्य मुद्दा असा की आपला समुद्र ऊबदार आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला भर थंडीतही पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असतं, मे महिन्यात ३० च्या घरात जातं. नॉर्वे-इंग्लंडच्या तुलनेत हे कोमटच. पण माणसाची कातडी साधारण ३३ अंशांवर असते आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणून २५ अंशांची हवा सुखाची वाटते आणि २५ अंशांच्या पाण्यात तासभर बसलेल्या मुलाचे ओठ निळे पडतात.

पाण्याबाहेर आल्यावरही सुटका होत नाही. एक ग्रॅम पाणी वाळताना साधारण २.४ किलोज्यूल उष्णता घेतं. ३५ किलो वजनाच्या मुलाच्या अंगाचं तापमान एका अंशानं उतरायला साधारण १२० किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे ५० ग्रॅम पाण्याचा, एका कटिंग चहाइतक्या पाण्याचा हा हिशोब. शरीर सतत उष्णता तयार करत असतं, वाळण्याला लागणारी काही उष्णता हवाही पुरवते, म्हणून मूल लगेच गारठत नाही. पण भिजलेल्या सुती बनियनमध्ये एका कटिंगहून बरंच जास्त पाणी मावतं, आणि दर लाटेच्या फवाऱ्याला ते नव्यानं भरतं. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटलेला असतो. उघड्या अंगानं हे सोसणं हा पराक्रम असेलही, पण त्यानं शिकणं होत नाही. गारठलेल्या मुलाची बोटं आधी जातात, दोरी हातातून सुटते. मग लक्ष जातं. समोरून येणारी होडी कोणत्या बाजूनं चुकवायची, हे त्याला कळेनासं होतं. असं मूल कणखर होत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही.

लहान मुलांना हे जास्त लागू पडतं. वजनाच्या मानानं त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून ती मोठ्या माणसापेक्षा लवकर निवतात. काठावर सुक्या कपड्यात उभा असलेला शिक्षक ‘मला तर काही थंडी वाजत नाही’ म्हणतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. फक्त ते होडीतल्या मुलाविषयी नसतं.

मग पूर्वजांचा दाखला येतो. आजोबा लंगोटीवर समुद्रात जात, आंग्र्यांचं आरमार काय वेटसूट घालून लढलं? दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. आजोबांच्या होडीवर मोठी माणसं होती, तांडेल होता, हालचालीचं काम होतं, बसायला कोरडी फळी होती. दहा वर्षांच्या मुलाला पाणी भरलेल्या होडीत एकटं बसवून त्यांनी वाऱ्याशी झुंजायला पाठवलं नव्हतं. आणि आरमाराचं म्हणाल, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण वाचावं. पावसाळा येण्याआधी आरमार छावणीला आणावं, कुठे ठेवावं, कसं जपावं, याची तजवीज त्यात केलेली आहे. ज्यांच्या नावानं आपण बेपर्वाई मिरवतो, ते लोक समुद्राच्या बाबतीत अतिशय सावध होते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला न छेडण्याची कोळ्यांची रीतही याच सावधपणाची. आज सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतं. त्यामागे माशांच्या विणीचा विचार आहे तसा खवळलेल्या समुद्राचाही आहे.

आणि आपल्या लोकांनी अंग झाकलं नाही हेही खरं नाही. पेणच्या खारपट्ट्यात भाताची लावणी करणारी बाई इरलं घेत असे. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं हे आवरण डोकं आणि पाठ झाकतं, पुढून आणि खालून मोकळं असतं. वाकून काम करणाऱ्या माणसाच्या पाठीवर पाऊस पडतो, पोटाशी वारा लागायला हवा, हात सुटे हवेत, हे सगळं ते करणाऱ्यानं जाणलं होतं. पाय चिखलात राहणारच, तिथं कोरडेपणाचा हट्ट त्यानं धरला नाही. कामाकडे बघून कपडा ठरवायचा, ही अक्कल आपल्याकडे आहे. ती होडीत चढताना का टाकून द्यायची, एवढंच मी विचारतो.

‘आमच्या पोरांना पोहता येतं’ हे या पक्षाचं शेवटचं हत्यार. पोहता येणं आवश्यकच आहे. पण शिडाखालची आडवी दांडी वळताना डोक्यात बसली, पायात गोळा आला, दोरीत पाय अडकला, तर पोहणं कामाला येत नाही. धरमतरच्या खाडीत ओहोटीची ओढ असते, पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, डोलवीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बार्जेसची वर्दळ असते. थकलेल्या मुलाला तिथं दहा मिनिटं नुसतं तरंगत राहता आलं पाहिजे, मदत येईपर्यंत.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडाली, त्यात १२ मुलं आणि २ शिक्षिकांचा जीव गेला. बोटीवरच्या सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि मुंबई बंदरात प्रेतं काढावी लागली. त्यानंतर गेटवेवर जॅकेट घालण्याची सक्ती आली. या शिडाच्या होड्या नव्हत्या, हे मला माहीत आहे. पण तिन्ही वेळा समुद्र वा तलाव खवळलेला नव्हता, कुणी वादळात निघालं नव्हतं. आपल्याकडे सक्ती प्रेतांनंतर येते. मुलांच्या होड्यांच्या बाबतीत तरी ती आधी यावी, एवढी मागणी जादा नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे. हे लोक मुलांचं भलं चिंतणारे आहेत, म्हणून त्यांच्याशी वाद घालणं जास्त गरजेचं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशी मासिकातलं चित्र असतं. गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद सूट, त्यावर फुटलेली लाट, आत कोरडं ठाक मूल. ही वस्तू कुठून आली ते पाहा. नॉर्वेच्या मॉस गावातल्या हेली यूल हान्सेन या कप्तानानं १८७७ मध्ये जाड लिननला जवसाचं तेल पाजून खलाशांचे कपडे करायला सुरुवात केली. उत्तर समुद्राचं हिवाळी पाणी १० अंशांच्याही खाली असतं. तिथं भिजणं म्हणजे मरण, म्हणून कोरडं राहणं हाच सगळा प्रश्न. पुढे रबर आलं, पीव्हीसी आलं, आणि १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या टेफ्लॉनचा पापुद्रा शोधला. बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देतो, अशी त्याची ख्याती.

ती ख्याती खोटी नाही, पण तिला अट आहे. वाफ आतून बाहेर जाते ती आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हा. थंड कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. कोकणात जुलै महिन्यात बाहेरचीच हवा पाण्यानं गच्च असते. वाफेनं जायचं कुठं? घाम आत साठतो आणि हजारो रुपयांचा अंगरखा आतून ओला होतो. हे समजायला जोह्याच्या माणसाला प्रयोगशाळेची गरज नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर हजारो मूर्ती मांडलेल्या असतात आणि कारखान्यांवर प्लास्टिक ताणलेलं असतं. छपराला प्लास्टिक लावतात, पण कच्च्या शाडूच्या मूर्तीला गुंडाळून ठेवत नाहीत. गुंडाळली तर ती वाळत नाही. माती ओली ठेवायची असेल तेव्हाच तिला प्लास्टिकखाली झाकतात. प्लास्टिक बाहेरचं पाणी अडवतं तसंच आतलंही अडवतं, हे ज्या गावाच्या हाताला ठाऊक आहे, त्या गावानं आपल्या मुलाला मे महिन्याच्या दुपारी बंद रबरी सूटात घालण्याचा सल्ला का ऐकावा? ऊन, श्रम आणि कोंडलेला घाम एकत्र आले की थंडीऐवजी उष्माघाताची भीती उभी राहते.

वेटसूटचं गणित वेगळं आहे. तो पाणी आत येऊ देतो. कातडी आणि निओप्रीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो, तो अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो. पण सूट अंगाला घट्ट बसला तरच. थोरल्या भावाचा ढगळ सूट धाकट्याला घातला की दर हालचालीला आतलं पाणी बदलतं आणि त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. वाढत्या वयाच्या मुलाला दरवर्षी नवा सूट लागणार. आपल्या पाण्यात इतका खर्च त्यावर करण्याचं कारण मला दिसत नाही. डिसेंबरच्या पहाटे सराव करणाऱ्या स्पर्धकाला पातळ बिनबाह्यांचा सूट पुरे.

राहिला आपला साधा पीव्हीसीचा रेनकोट, जो ‘निदान एवढं तरी असू दे’ म्हणून आई मुलाच्या पिशवीत टाकते. शाळेच्या वाटेवर तो उत्तम आहे, होडीत नको. त्याची टोपी बाजूचं दिसू देत नाही आणि घोळ दोरीत अडकतो. होडी उलटल्यावर त्याच्या पोकळीत पाणी भरतं. त्या पाण्यानं मूल खाली ओढलं जातं असा समज आहे, तो चुकीचा आहे. पाण्यात असेपर्यंत पाण्याचं वजन जाणवत नाही. जाणवतं ते होडीवर परत चढताना, आणि नेमकी तेव्हाच मुलाची ताकद संपत आलेली असते. गमबुटांचंही तेच.

माझा शब्द पुरेसा वाटत नसेल तर शर्यतीचे जागतिक नियम बघा. तरंगण्याचं साधन घालण्याविषयीच्या ४० व्या नियमातच म्हटलं आहे की वेटसूट आणि ड्रायसूट हे तरंगण्याचं साधन मानलं जाणार नाही. शर्यतीत अंगावरचे कपडे आणि साधनं किती वजनाची असावीत यालाही मर्यादा आहे, साधारणपणे आठ किलोची, आणि ते वजन कपडे भिजवून, निथळू देऊन करतात. ऑप्टिमिस्टच्या नियमांत तर जॅकेट सक्तीचं आहे आणि त्याला शिटी बांधलेली लागते. इतक्या काटेकोर नियमांत मूल कोरडं असलं पाहिजे असं कलम नाही. ते तरंगलं पाहिजे आणि हाक मारू शकलं पाहिजे, यावर मात्र तडजोड नाही.

तर मुलाला द्यायचं काय? सगळ्यात आधी त्याच्या वजनाला बसणारं, प्रमाणित फोमचं जॅकेट. पर्यटकांच्या बोटीवर मिळणारं मोठ्या माणसाचं नारिंगी जॅकेट मुलाच्या अंगातून वर निसटतं. पारख सोपी आहे. बंद आवळून जॅकेटचे खांदे धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर ते त्या मुलाचं नाही. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. त्याखाली पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा सदरा द्यावा. सुती नको, कारण पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी जवळजवळ शिरत नाही, तो लवकर निथळतो आणि ऊनही अडवतो. थंडीच्या दिवसांत त्यावर आणि जॅकेटच्या आत पातळ विणीचा, वारा अडवणारा सदरा, मानेला आणि मनगटाला घट्ट. डोक्याला दोरीची टोपी. पायात बंद, मऊ बूट, कारण खडकावरची कालवं तळपाय कापतात. रंग भगवा, पिवळा, लाल, काहीही चालेल, निळा आणि पांढरा सोडून. लाटांत मूल शोधता यायला हवं.

यातलं परदेशातून आणावं असं काय आहे? जलाभेद्य कापडाचं म्हणाल तर सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बंगाल वॉटरप्रूफ उभी केली आणि डकबॅकचे रेनकोट देशभर गेले. शंभर वर्षांनंतर आपण एका वाराबंद सदऱ्यासाठी परदेशी कॅटलॉग चाळायचे? तो पेणचा शिंपी शिवून देईल. जॅकेट मात्र शिंप्याकडून नको. त्यात चाचणी झालेला फोम आणि प्रमाणपत्र हवं, तिथं काटकसर केली तर बाकी सगळं व्यर्थ.

आणि हा खेळ मुळात श्रीमंतांचा, ही समजूतही तपासून घ्यावी. ऑप्टिमिस्टचा आराखडा क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात केला, तो कमी खर्चात, प्लायवूडच्या फळ्यांतून गावच्या मुलांसाठी होडी करता यावी म्हणून. गावातल्या दुकानदारांनी होड्यांचा खर्च उचलला. आपल्याकडे मुंबईच्या बंदरात १९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडांच्या शर्यती झाल्या आणि फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात सुवर्ण मिळवलं. ज्या बंदरात तो विजय झाला, तिथून जोहे काही तासांच्या वाटेवर आहे. तरी खाडीकाठच्या मुलाला हा खेळ टीव्हीवरही क्वचित दिसतो. उलट ज्याला समुद्रच नाही त्या मध्य प्रदेशानं भोपाळच्या तलावावर शाळा चालवली, आणि तिथं शिकलेल्या नेहा ठाकूर या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आयएलसीए ४ या होडीच्या गटात रौप्य आणलं. शेतकरी बापाची ऐपत नसली तरी संस्थेची होती. वादाचा खरा निकाल इथं लागतो.

म्हणून खिसा चाचपणाऱ्यांना माझं सांगणं असं की पालकाचा खिसा चाचपूच नका. शीड, सुकाणू, वल्हं ही होडीची साधनं मानता ना? तसंच जॅकेट आणि वाराबंद सदरा हेही होडीचं साधन माना. ते होडीबरोबर यावं, होडीच्या मालकाकडे, म्हणजे क्लबकडे, शाळेकडे, ग्रामपंचायतीकडे राहावं, गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावं आणि मापानुसार मुलांमध्ये फिरावं. मुलं वाढतात, जॅकेटं वाढत नाहीत. घरोघरी विकत घेतली तर दोन वर्षांत अडगळीत पडतील. संस्थेकडे राहिली तर एकाच जॅकेटमध्ये अनेक मुलं शिकून जातील.

उद्या खाडीवर अशी शाळा निघालीच, तर उद्घाटनाला पुढारी येतील, रांगेत रंगीत होड्या उभ्या असतील, फीत कापली जाईल. तेव्हा होड्या मोजू नका. २५ ते ५० किलो वजनाच्या मुलांची जॅकेटं किती आहेत, ते मोजा. कमी भरली तर फीत कापू देऊ नका. १० होड्यांचा निधी असेल तर ८ घ्या आणि उरलेल्या पैशात मुलांना पुरतं सज्ज करा. छायाचित्रात २ होड्या कमी दिसतील. हजेरीपटावरचं नाव मात्र एकही कमी होणार नाही.